कोपऱ्यातला उंट

ज्वालामुखी, चाळीस तासांचा रस्ता, अकरा डावांनंतर बरोबरी आणि समोर फुकटात मिळणारं एक प्यादं! २०१० साली सोफियामध्ये आनंद आणि टोपालोव्ह यांच्यात झालेला शेवटचा डाव बुद्धिबळ न येणाऱ्यालाही खिळवून ठेवतो. या वीकएण्डला पट मांडाच.

समजा, तुमच्या करिअरमधलं सगळ्यात मोठं प्रेझेंटेशन चार दिवसांवर आलंय. प्रेझेंटेशन समोरच्या पार्टीच्या गावात, त्यांच्याच हॉलमध्ये, त्यांच्याच माणसांसमोर. आणि तुम्ही भलत्याच देशातल्या एअरपोर्टवर अडकलाय. विमानं बंद. कधी सुरू होणार, कुणालाच माहीत नाही. तुम्ही तीन दिवसांची मुदत मागता. उत्तर येतं, एक दिवस देतो!

एप्रिल २०१० मध्ये विश्वनाथन आनंदचं नेमकं हेच झालं. आइसलँडमध्ये एक ज्वालामुखी फुटला. त्याचं नाव उच्चारायच्या भानगडीत आपण पडायला नको, भल्याभल्या न्यूज अँकर्सची बोबडी वळली होती. त्याच्या राखेनं युरोपचं आकाश बंद केलं. आनंद स्पेनहून निघालेला, जायचं बल्गेरियाच्या राजधानीत, सोफियाला. अडकला फ्रँकफर्टला. शेवटी टीमसकट गाडीत बसला आणि ऑस्ट्रिया, हंगेरी, रुमानिया असं करत सुमारे चाळीस तासांचा रस्ता कापून सोफियाला पोचला. जगज्जेतेपद राखायला!

समोर होता वेसेलिन टोपालोव्ह. वय ३५, बल्गेरियाचा हीरो, २००५ चा फिडे वर्ल्ड चॅम्पियन. पटावर तलवार काढूनच बसणारा माणूस. आनंद चाळिशीचा. २००७ मध्ये मेक्सिको सिटीत जगज्जेता झालेला, २००८ मध्ये बॉनला क्रॅमनिकला हरवून ते पद टिकवलेला.

२४ एप्रिलला पहिला डाव झाला आणि आनंद तीसच चालींत हरला. म्हटलं तर प्रवासाचा शीण, म्हटलं तर तयारीतला गोंधळ. पण दुसऱ्या डावात त्यानं परतफेड केली, चौथाही जिंकला. आठव्यात टोपालोव्हनं पुन्हा बरोबरी साधली. नववा, दहावा, अकरावा, तिन्ही अनिर्णित. स्कोअर साडेपाच-साडेपाच. उरला फक्त बारावा डाव. तारीख ११ मे. पांढरी मोहरी टोपालोव्हकडे, काळी आनंदकडे.

बाबा विरुद्ध टोपालोव्ह

हा डाव मी गेल्या महिन्यात एका रविवारी बाबांबरोबर मांडला. बाबा बँकेतून रिटायर झालेत. एकेकाळी बिल्डिंगच्या गच्चीवर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बुद्धिबळ खेळायचे. आता गुडघे आणि बातम्या यापलीकडे फारसं बोलणं होत नाही. मी नोकरीच्या गावी, ते घरी. फोनवर 'जेवलीस का' आणि 'हो' एवढ्यात आमचा कॉल संपतो. म्हटलं, बघूया तर. मी चाली वाचते, बाबांनी प्रत्येक महत्त्वाच्या वळणावर सांगायचं, तुम्ही असता तर काय खेळला असता? आणि त्यांना मुद्दाम टोपालोव्हच्या बाजूला बसवलं. निकाल सांगितला नाही. (त्यांना तो आठवत नव्हता. बँकेत मे महिना म्हणजे बदल्यांचा सीझन!)

सुरुवात अगदी साधी. वजिरापुढचं प्यादं दोन घरं, समोरूनही तेच. मग पांढऱ्यानं उंटापुढचं प्यादं सी४ वर सरकवलं. याला म्हणतात क्वीन्स गॅम्बिट. हो, २०२० मध्ये आपण सगळ्यांनी लॉकडाऊनमध्ये रात्रभर जागून बघितलेल्या त्या नेटफ्लिक्स सीरिजचं नाव याच ओपनिंगवरून आलंय. आनंदनं ते प्यादं घेतलं नाही आणि सातव्या चालीला आपला घोडा ई४ वर नेऊन ठेवला. हा लास्कर डिफेन्स. एमान्युएल लास्कर १८९४ ते १९२१ अशी तब्बल २७ वर्षं जगज्जेता होता, त्याच्या नावाचा हा बचाव. यात काळा एकेक मोहरं बदलून टाकतो, पटावरची गर्दी कमी करतो आणि शांत बसतो. ना थ्रिल ना ग्लॅमर. सगळ्या सामन्यात आनंदनं हे ओपनिंग वापरलं नव्हतं, ते शेवटच्या डावासाठी बाहेर काढलं.

"एलआयसीची पॉलिसी आहे ही," बाबा म्हणाले. "रिटर्न कमी, पण बुडत नाही."

मोहऱ्यांची अदलाबदल झाली. एकोणीस-वीस चालींनंतर दोघांकडे वजीर, दोन-दोन हत्ती आणि एकेक छोटं मोहरं उरलं. टोपालोव्हकडे घोडा, आनंदकडे उंट. आनंदची एक कमजोरी होती. त्याचं सी५ वरचं प्यादं आणि ए७ वरचं प्यादं, दोघंही एकटी. शेजारी मदतीला दुसरं प्यादं नाही. अशा प्याद्यांना मोठ्या मोहऱ्यांनीच राखावं लागतं. म्हणजे पांढऱ्याकडे किंचित, अगदी मिरचीच्या बीएवढा फायदा. हरण्याची भीती जवळपास शून्य.

ती सव्विसावी चाल

आता इथे डावातलं पहिलं खरं वळण. चोविसाव्या चालीला आनंदनं उंट डी३ वर नेऊन पांढऱ्या वजिरावर रोखला. वजीर बाजूला झाला. लगेच आनंदनं उंट परत ए६ वर आणला. वजिरानं परत आपल्या जागी यायचं, उंटानं परत हल्ला करायचा, वजिरानं परत बाजूला... तीच स्थिती तीनदा आली की डाव बरोबरीत. तोंडानं एक शब्द न बोलता आनंद विचारत होता, मिटवायचं का?

तोंडानं बोलण्याची सोयही नव्हती म्हणा! टोपालोव्हच्या गोटानं सामन्याआधीच जाहीर केलं होतं की तो प्रतिस्पर्ध्याला बरोबरी विचारणार नाही. शेवटपर्यंत लढायचं.

"घ्या की बरोबरी," बाबा म्हणाले. "पुढे काय असतं बरोबरी झाली तर?"

हाच तर प्रश्न होता. बरोबरी झाली असती तर दोन दिवसांनी टायब्रेक होता, जलद बुद्धिबळाचा. आणि जलद बुद्धिबळात आनंद म्हणजे... पोरवयापासून त्याची ओळखच तुफान वेगानं खेळणारा अशी. इतर खेळाडू अर्धा तास विचार करायचे तिथे हा पाच मिनिटांत चाल करून हॉलभर फिरत असायचा. टोपालोव्हला टायब्रेकला जायचंच नव्हतं. स्वतःच्या देशात, पांढरी मोहरी हातात असताना, हाच डाव जिंकायची शेवटची संधी होती.

त्यानं वजीर परत आणला नाही. सी३ वरचा हत्ती उचलला आणि पटाच्या डाव्या टोकाला, ए३ वर नेऊन ठेवला. निशाणा आनंदचं ए७ वरचं एकटं प्यादं.

चाल चुकीची नाही. पण या एका चालीनं टोपालोव्हचा एक अख्खा हत्ती त्याच्या राजापासून सगळ्यात लांब गेला. हे लक्षात ठेवा. तो हत्ती तिथून पुढचं पाऊल टाकणार आहे थेट बेचाळिसाव्या चालीला.

उंट गेला बेंचवर

आता टोपालोव्हचा घोडा निघाला. बी३, मग ए५. तिथून त्यानं बी७ वरच्या उंटाला हुसकावलं. आनंदनं तो उंट कुठे न्यावा? ए८! पटाच्या पार कोपऱ्यात, जिथे सुरुवातीला हत्ती असतो.

"कोपऱ्यात घातला उंट? गेला कामातून!" बाबांनी मान हलवली. "आमच्या ब्रँचला एकाला असंच रेकॉर्ड रूममध्ये बसवलं होतं."

आयटीतल्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको. बेंच! हातात प्रोजेक्ट नाही, पगार चालू, कॅन्टीनमध्ये लोक विचारतात, काय, सध्या काय? ए८ वरचा उंट तसाच दिसतो.

पण उंट चालतो तिरका. ए८ पासून एक लांबलचक तिरकी रेघ निघते. बी७, सी६, डी५, ई४, एफ३, जी२, एच१. आणि जी२ वर कोण बसलंय? पांढरा राजा! सध्या रस्त्यात एफ३ वर पांढरं प्यादं आहे, म्हणून राजा निवांत. पण रस्ता आहे.

टोपालोव्हला हे दिसत नव्हतं असं नाही. एकोणतिसाव्या चालीला आनंदनं प्यादं ई५ वर ढकललं तेव्हा टोपालोव्हनं लगेच आपलं प्यादं ई४ वर आणलं. आता उंटाच्या रस्त्यावर दोन विटा झाल्या, ई४ आणि एफ३. पक्की भिंत. उंट भिंतीपलीकडे. काम फत्ते?

आनंदनं एफ-पट्टीवरचं प्यादं दोन घरं पुढे सरकवलं, एफ५. म्हणजे सरळ सरळ ते पांढऱ्या प्याद्याच्या तोंडात दिलं.

फुकट ते पौष्टिक?

"आता काय खेळाल?" मी विचारलं.

"खाणार! प्यादं फुकट आहे. भिकेला लागलाय का तो?"

टोपालोव्हनंही खाल्लं. ई४ वरच्या प्याद्यानं एफ५ वरचं प्यादं मारलं. एक प्यादं वर. पण ज्यानं खाल्लं ते भिंतीतलं पहिलं प्यादं होतं. ई४ ची वीट पांढऱ्यानं स्वतःच्या हातानं काढली.

आनंदनं लगेच दुसरं प्यादं पुढे केलं. ई५ वरून ई४. परत तोंडात! एफ३ वरच्या प्याद्याला आमंत्रण, घे की मला.

बाबा थांबले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. पण हात मात्र एफ३ वरच्या प्याद्याकडेच गेला. "खाऊन टाकतो. दोन प्यादी वर. मग बघू."

टोपालोव्हनं ३२ व्या चालीला हेच केलं. आणि जगभरच्या विश्लेषकांनी या चालीपुढे दोन प्रश्नचिन्हं टाकली. हे प्यादं खाल्लं नसतं तर डाव अजून लढता आला असता. खाल्लं, आणि भिंतीतली शेवटची वीटही निघाली.

आनंदचा वजीर ई४ वर आला, प्यादं मारत, शह देत. आता बघा गंमत. वजीर ई४ वर आणि त्याच्या मागे, त्याच तिरक्या रेघेवर, ए८ ला उंट. पांढरा राजा मागे जी१ वर सरकला तर काळा वजीर एच१ वर जाऊन थेट मात. राजाला वजीर मारता येणार नाही, कारण पाठीशी तो उंट आहे. सात घरं लांबून!

म्हणून राजाला पुढे यावं लागलं, एच३ वर. आपले किल्ले-कोट सोडून उघड्या मैदानात.

माघारीत मात

आनंदनं हत्ती डी४ वर आणला. टोपालोव्हनं घोडा ई३ वर आणून राजाच्या मदतीला उभा केला. आता पुढची चाल हा या डावाचा कळस, पण बघताना वाटतं याला झोप लागली की काय! चौतिसाव्या चालीला आनंदनं हल्ल्याच्या मधोमध उभा असलेला वजीर उचलला आणि थेट आपल्या शेवटच्या ओळीत, ई८ वर मागे नेला.

बाबांनी दोन मिनिटं काहीच म्हटलं नाही. मग बोट ई८ वरून तिरकं फिरवलं. एफ७, जी६, एच५...

"अरेच्चा! एच५ वर आला की मात आहे!"

बरोबर. वजीर ई४ वरून हलल्यावर उंटाची रेघ जी२ पर्यंत मोकळी झाली, म्हणजे राजाला जी२ वर परतायची बंदी. आणि ई८ वरून वजीर एच५ कडे बघतोय. पुढच्या चालीत शह, पळायला घर नाही, मध्ये घालायला मोहरं नाही. खेळ खलास. वजिरानं मागे जाऊन पुढचा हल्ला केला. अशी चाल माणसाच्या नजरेतून सुटते, कारण हल्ला करताना आपले डोळे पुढेच बघत असतात.

टोपालोव्हनं प्यादं जी४ वर ढकलून एच५ चं घर राखलं. आनंदनं एच५ वर प्यादं आणून तेही खिळखिळं केलं. पांढरा राजा एच४ वर. पटावर वजीर, हत्ती, उंट सगळे जिवंत असताना राजा चौथ्या ओळीत उभा! गर्दीच्या वेळी दादर स्टेशनच्या ब्रिजवर एकट्या पोराला सोडावं तसं. मग शहावर शह. शेवटी बेचाळिसाव्या चालीला ए३ वरचा तो लांब गेलेला हत्ती राजाला वाचवायला जी३ वर धावत आला आणि तिथेच मारला गेला. उशीर झाला होता.

आणि मग पंचेचाळिसावी चाल. आनंदनं हत्ती जी२ वर फेकून शह दिला. टोपालोव्हला वजिरानं तो मारावा लागला. आणि कोपऱ्यातून, ए८ वरून, तो उंट निघाला. २८ व्या चालीला तिथे जाऊन बसलेला, अठरा चाली जागचा न हललेला. एका फटक्यात सगळा पट ओलांडून जी२ वर. पांढरा वजीर खलास!

राजानं उंट मारला, पण हिशेब झाला होता. आनंदकडे वजीर, टोपालोव्हकडे हत्ती आणि घोडा. आणखी दहा चाली झगडून ५६ व्या चालीला टोपालोव्हनं डाव सोडला. साडेसहा-साडेपाच. जगज्जेतेपद आनंदकडेच.

एकटा नव्हता

सामना संपल्यावर आनंदनं एक गुपित फोडलं. टोपालोव्हच्या तयारीमागे बलाढ्य कॉम्प्युटर क्लस्टर होतं. आनंदच्या मागे त्याची चार जणांची टीम तर होतीच, नील्सन, कासिमझानोव्ह, वोयताशेक आणि आपला कोलकात्याचा सूर्यशेखर गांगुली. पण त्यांच्याशिवाय आणखी तीन माणसांनी त्याला मदत केली होती. गॅरी कास्पारोव्ह, ज्यानं १९९५ मध्ये न्यूयॉर्कला आनंदला जगज्जेतेपदाच्या सामन्यात हरवलं होतं. व्लादिमिर क्रॅमनिक, ज्याला २००८ मध्ये आनंदनं हरवलं होतं. आणि मॅग्नस कार्लसन, तेव्हा १९ वर्षांचा, ज्यानं पुढे नोव्हेंबर २०१३ मध्ये आनंदच्याच चेन्नईत त्याचं पद हिसकावून घेतलं.

एकानं हरवलेलं, एकाला हरवलेलं, एक पुढे हरवणार. आणि तिघंही मदतीला! ऑफिसात सोडून जाणाऱ्या माणसाला फेअरवेल देऊन आपण त्याचा नंबरही डिलीट करतो. आनंदनं वीस-पंचवीस वर्षं वरच्या पातळीवर खेळताना माणसं तोडली नव्हती, हे या यादीतून दिसतं.

शेवटची कॉफी

डाव संपला तेव्हा साडेअकरा वाजले होते. आईनं दोनदा हाक मारून झाली होती. बाबा पटाकडेच बघत होते.

"चूक बत्तिसाव्या चालीची नाही," ते म्हणाले. "सव्विसाव्याची आहे. त्याला पुढच्या परीक्षेची भीती वाटली, म्हणून हीच परीक्षा जिंकायला निघाला. भीतीनं माणूस पळतोच असं नाही, कधीकधी हल्लाही करतो."

मी विचारलं, "तुमचं झालंय असं कधी?"

बाबांनी थोडा वेळ मोहरी गोळा केली. मग पहिल्यांदाच सांगितलं, की माझ्या दहावीच्या वर्षी त्यांना प्रमोशन आलं होतं, बदलीसकट. नाही म्हटलं तर पुढे कधी मिळणार नाही अशी भीती होती. घेतलं असतं तर मी आणि आई इकडे, ते तिकडे. त्यांनी नाही म्हटलं. पुढे खरंच मिळालं नाही.

"रेकॉर्ड रूममध्ये बसवलेला माणूस मीच गं," ते हसत म्हणाले. "पण तिथून घर वीस मिनिटांवर होतं. तुझ्या क्लासला रोज वेळेवर पोचायचो."

मला ते क्लास आठवतात. गेटपाशी स्कूटर घेऊन उभे असलेले बाबाही आठवतात. ते तिथे रोज कसे असायचे, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

आता दर रविवारी रात्री आम्ही फोनवर एक डाव मांडतो. ते त्यांच्या पटावर, मी माझ्या. 'जेवलीस का' अजूनही होतं, पण त्यानंतर कॉल तासभर चालतो.

चटकन मांडून बघा

सगळा डाव खेळायचा कंटाळा आला तर फक्त ही स्थिती मांडा. काळ्याची चाल, क्रमांक ३१.

पांढरा: राजा जी२, वजीर सी१, हत्ती ए३ आणि एफ२, घोडा सी४, प्यादी ए२, बी२, एफ३, एफ५, जी३, एच२.

काळा: राजा जी८, वजीर ई७, हत्ती सी७ आणि डी८, उंट ए८, प्यादी ए७, सी५, ई५, जी७, एच६.

आता काळं प्यादं ई४ वर ढकला आणि समोरच्याला विचारा, खाणार का? बहुतेक जण 'हो' म्हणतील. मग वजिरानं ई४ वर शह द्या आणि पुढे बघत राहा. मोबाइलवरचं इंजिन मात्र बंद ठेवा, नाहीतर मजा जाईल. आणि शक्य असेल तर समोर घरातलं एखादं मोठं माणूस बसवा.